दगड लागलेली व्ही-क्रॉस: आधी चासी मोजा, लिफ्टचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, मावळातल्या एका ओढ्यातून (पाणी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत) वर चढताना पुढचं डावं चाक कातळावर जोरात आदळलं. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंटवाल्याने 'कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बसत नाही' म्हणून गाडी परत दिली. गॅरेजवाला लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा) गॅस मारून सरळ करून देतो म्हणतोय. त्याच कामात दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शनवर गाडी उंच करणं), २६५ मिमी रुंदीचे टायर आणि पुढे लोखंडी बंपर बसवून घ्यावा का?

लिफ्ट आत्ता अजिबात नको. लिफ्टने कॅम्बर, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) सगळंच बदलतं. मापं आधीच हललेल्या गाडीवर ती चढवली की वाकडेपणा मुळात कुठून आलाय हे शोधणं फार अवघड होऊन बसतं.

लोअर आर्मला गॅस लावू देऊ नका. लाल होईपर्यंत तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद परत येत नाही, आणि त्या उष्णतेत बुश आणि बॉल जॉइंटचं रबरही जातं. वाकलेला आर्म किंवा टाय रॉड, रॅक एंड हे स्टिअरिंगचे दांडे हे सरळ करायचे भाग नाहीत, बदलायचे आहेत. घाटात उतरताना हाच आर्म चाक धरून ठेवतो, तिथे दोन-चार हजार वाचवण्यात काही अर्थ नाही.

पण नुसता आर्म बदलून काम संपेल असं धरू नका. कातळाचा धक्का आर्ममधून क्रॉसमेंबरला (चासीचा आडवा बीम) आणि तिथून चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला जातो. म्हणून पार्टची ऑर्डर देण्याआधी चासी मोजा. यासाठी महागडी मशीन लागत नाही. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, चारही टायरांत हवा नीट भरा. चासीच्या दोन्ही लांब बीमना कंपनीतूनच पाडलेली भोकं असतात, डावी-उजवी जोडीने. अशा तीन जोड्या निवडा: एक पुढच्या क्रॉसमेंबरजवळ, एक केबिनच्या मागच्या टोकाखाली, एक मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरपाशी. प्रत्येक भोकाच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडा. तो डोलायचा थांबू द्या, मग टोकाखाली खडूने बारीक फुली मारा. गाडी ढकलून बाजूला घ्या. जमिनीवर सहा फुल्या उरतील, म्हणजे एकामागे एक दोन चौकोन. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण स्टीलच्या टेपने मोजा, टेप ताणून धरायला दुसरा माणूस हवाच. कर्णांत तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर तो मोजण्यातलाही असू शकतो. त्याहून जास्त भरला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला, तर चासी सरकलीय. फरक फक्त पुढच्या चौकोनात असेल तर धक्का पुढेच जिरलाय असं समजा.

स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून हबच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजा. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिमी आहे. डावीकडे तो कमी भरला तर पुढचं चाक मागे ढकललं गेलंय. उजवी बाजू जास्त भरली तर मागच्या पाट्याचा सेंटर बोल्टही तपासा, तो तुटला की अख्खा ॲक्सल पाट्यावरून सरकतो. केबिन आणि हौद्यामधली फटही बघा. ती वर आणि खाली वेगवेगळी दिसली तर चासी उभ्या पातळीत वाकलेली असू शकते. अर्थात केबिनखालची रबरं बसली असतील तरीही असंच दिसतं, म्हणून आधी ती बघून घ्या.

अलाइनमेंटवाल्याकडून नुसतं 'बसत नाही' ऐकून परत येऊ नका, प्रिंट मागा. त्यात कॅम्बरबरोबर एसएआय (चाक वळतं त्या अक्षाचा आतल्या बाजूला कल) नावाचा आकडा असतो. दोन्ही चाकांसाठी कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज करा. डाव्या-उजव्याची बेरीज सारखी असेल आणि कॅम्बर तेवढा बिघडला असेल, तर नकल (हब धरणारा, स्टिअरिंगने वळणारा भाग) शाबूत आहे, दोष आर्ममध्ये किंवा तो जिथे बसतो त्या जागेत आहे. बेरीजच वेगळी आली तर नकल वाकलीय, मग कितीही आर्म बदला, कॅम्बर बसणार नाही. इथे चुकीचा पार्ट घेऊन लोक हकनाक पैसे घालवतात, म्हणून हा मुद्दा लक्षात ठेवा.

चासीला तडा गेलाय का ते तारेच्या ब्रशने रंग काढून बघा. आर्मचे ब्रॅकेट आणि वेल्डच्या कडा या मुख्य जागा. संशय असेल तर डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, लाल मारून पुसायचा आणि पांढरा मारायचा; तडा असेल तर लाल रेघ उमटते. वेल्डिंगची वेळ आलीच तर बॅटरीच्या तारा काढून ठेवा. तड्यावर बसवायच्या पट्टीची टोकं निमुळती कापून घ्या आणि बीमला आडवा वेल्ड मारू देऊ नका, पुढचा तडा बहुधा त्याच रेषेत जातो.

ओढ्यात गाडी हबपर्यंत बुडाली होती म्हणता, तर मागच्या डिफचं (डिफरन्शियल, ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी) ऑइल आधी बघा. गरम हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर काढून टाका, नवीन भरा, थोडी गाडी चालवा आणि पुन्हा एकदा बदला. ब्रीदरला लांब पाइप जोडून उंच न्या. अगदी स्वस्तातलं काम आहे, पण पावसाळ्यात फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला मी हेच आधी सांगतो. मागचे ब्रेक ड्रमही उघडून धुवा, आत वाळू बसलेली असणार. सीव्ही बूट (पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटला असेल आणि वळताना कटकट आवाज येत नसेल, तर जॉइंट धुऊन नवीन ग्रीस आणि नवीन बूट एवढ्यावर भागेल.

आता टायर. तुमचे २४५/७० आर १६ म्हणजे व्यास साधारण ७४९ मिमी, २६५/७० आर १६ म्हणजे ७७७. डिफखाली खरी वाढ मिळते १४ मिमी, आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १०४ ने चालत असेल. लिफ्टचं बोलायचं तर पाटे कितीही उचला, डिफ जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, तो फक्त टायरने उचलला जातो. लिफ्टने चासीचं पोट वाचतं, जे एवढ्या लांब गाडीला उपयोगाचं आहे, पण त्यासोबत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि बूट लवकर फाटतात. मी तुमच्या जागी असतो तर आधी इंजिन आणि ट्रान्सफर केसखाली (फोर-व्हील ड्राइव्हची गिअरपेटी) जाड पत्र्याचा गार्ड लावला असता, ऑइल काढायला भोकं ठेवलेला.

पुढचा लोखंडी बंपर सोडून द्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुलबार (असेच पुढचे लोखंडी बंपर) बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मोठे टायर आणि लिफ्टही या कचाट्यातून सुटत नाहीत, त्यामुळे पैसे गुंतवण्याआधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. शिवाय बंपरमुळे एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का पोचण्याची रीतच बदलते, आणि माझ्या दृष्टीने हे दंडापेक्षा गंभीर आहे.

मागचे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) सोडवावे लागले तर जुने परत लावू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे लावून टॉर्क रेंचने आवळा आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घ्या.