नात्यांवरच्या संशोधनाचा घराला खरंच उपयोग होतो का? माझं उत्तर

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला आहात, लघुप्रबंध कुटुंब आणि नातेसंबंध यांवर करायचा आहे, आणि घरचे म्हणतात, "नाती काय सर्व्हे करून सुधारतात? माया असली की झालं." असल्या संशोधनाचा प्रत्यक्ष घराला उपयोग झाल्याचं कोणी पाहिलंय का, असं तुम्ही विचारलंय.

मी पाहिलंय. मी संशोधक नाही, सिंधुदुर्गातल्या एका शाळेत शिकवते. पण "माया असली की झालं" हे वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलं आणि त्याने आमचं घर मोडायची वेळ आणली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या पहिल्यांदा हरवल्या तेव्हा त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. त्यांनीच लपवल्या होत्या, पण ते त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्यांदा उशीच्या अभ्र्यात मिळाल्या. तिसऱ्यांदा सापडेपर्यंत शेजारच्या काकूंना सांगून झालं होतं की सुनेने विकल्या. मी स्वयंपाकघरातले डबे एकेक करून उपसत होते आणि त्या दारात उभ्या राहून "माझ्यो पाटल्यो खंय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना रोज पहाटे उठून पाणी तापवणारी ही बाई. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जो संशय होता तो अजून माझ्या नजरेसमोरून जात नाही.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी तपासलं आणि म्हणाले, "वय झालं. साठी बुद्धी नाठी, घरोघरी हेच." दीर डोंबिवलीला असतात. आई फोनवर रडली की त्यांचा लगेच मिस्टरांना फोन, "दादा, आईकडे कोणी बघत नाही का? तिला एकटं वाटतं म्हणून ती असं करते." गावातही तेच. देवळात भेटलेल्या बायका मला थेट काही म्हणत नव्हत्या, पण "म्हातारपणी माणसाला मायेचा हात लागतो हो" असं माझ्याकडे बघून म्हणायच्या. मिस्टर माझ्यावर चिडायचे, मी सासूबाईंवर, आणि रात्री तिघंही जागे. मुलगी दहावीला होती, ती अभ्यासाला मैत्रिणीकडे जायला लागली.

शेवटी म्हापशाच्या नणंदेने आम्हाला गोव्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. माझी अपेक्षा होती की त्या सासूबाईंबद्दल विचारतील. त्यांनी मलाच विचारलं, "काळजीने तुमची झोप उडालीय का?" तीन वर्षांत कोणी मला काही विचारण्याची ती पहिली वेळ. मी तिथेच रडले.

हा प्रश्न त्यांना आयत्या वेळी सुचलेला नव्हता, हे मला पुढे कळलं. मानसिक ताण मोजण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरतात, त्यात तो आहे. आणि तीच प्रश्नावली गोव्यात स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा सासूबाईंसारखा आजार) झालेल्या माणसांच्या घरांत, सांभाळणाऱ्या माणसाला विचारली गेली होती. त्यामागची हकीगत त्या बाईंनी आम्हाला थोडक्यात सांगितली, पुढे मी स्वतः शोधून वाचली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे असं मला वाटतं.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोघा मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मानसिक आरोग्यावर एक अभ्यास केला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. तो आकड्यांचा अभ्यास नव्हता. लोकांना बोलतं करून त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलेलं होतं. त्यात आढळलं की विसरभोळेपणा, भ्रम, संशय हे सगळं लोकांना दिसत होतं, पण तो आजार आहे असं कोणाला वाटत नव्हतं, म्हातारपण म्हणजे असंच. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत असे रुग्ण क्वचितच पोचत होते, मात्र घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या अशी माणसं बरोबर ओळखत होत्या. आणि मला हलवून गेलं ते पुढचं: या दशेचं कारण लोक मुलांच्या दुर्लक्षात आणि मायेच्या अभावात शोधत होते. आमच्या देवळातल्या बायकांचं वाक्य एका संशोधनाच्या निष्कर्षात लिहिलेलं होतं! म्हणजे ते माझ्याबद्दलचं सत्य नव्हतं. ती या सगळ्या मुलखाची एक समजूत होती, आणि कोणीतरी ती समजूत म्हणून नोंदवून ठेवली होती. त्याच अभ्यासात हेही आहे की आपल्याकडे एकत्र कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळतं हे म्हणतात तेवढं भरवशाचं नाही, आणि पुष्कळदा ही सेवा जमीनजुमल्याच्या आशेशी बांधलेली असते. कटू आहे, पण कोकणात राहणाऱ्या कोणालाही ते खोटं म्हणता येणार नाही.

आता यापुढचा भाग, ज्यामुळे हे संशोधन कपाटात पडून राहिलं नाही. डॉक्टर अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतली अशी 81 कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाच्या घरी गृहसेवा सल्लागार जाऊ लागल्या. या काही डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या. स्थानिक भाषा येणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बाया, त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ. पंधरा दिवसांतून निदान एकदा भेट. आजार काय आहे ते समजावणं, आंघोळ-जेवण कसं सोपं करायचं, संशय किंवा आरडाओरडा सुरू झाला की काय करायचं, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणं, सरकारी योजनांची माहिती, आणि अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून देणं. दुसऱ्या गटाला तूर्त फक्त माहिती दिली, घरभेटी नंतर.

सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण स्पष्टपणे कमी झालेला होता. रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रासही कमी वाटत होता. रुग्णाच्या आजारात किंवा रोजची कामं करण्याच्या क्षमतेत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नव्हता. 2008 साली हे छापून आलं. मी तो परिच्छेद कितीदा तरी वाचला असेल. आजार तसाच राहिला आणि तरी घर हलकं झालं! नात्यावरचं संशोधन काय करू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अभ्यास लहान आहे हे मान्य, दोन तालुक्यांपुरता. पण याच धर्तीवरचे प्रयोग नंतर मॉस्को आणि लिमासारख्या शहरांतही झाले, तिथेही सांभाळणाऱ्यांवरचं ओझं हलकं झालेलं आढळलं.

आमच्या घरात त्यातलं काय आलं ते सांगते. पहिली गोष्ट, वाद घालणं बंद. पाटल्या हरवल्या की "तुम्हीच ठेवल्यात कुठेतरी" असं म्हणायचं नाही. "चला, दोघी मिळून शोधूया" म्हणायचं आणि त्यांचा हात धरून शोधायला लागायचं. दोन-तीन डबे उघडून होईपर्यंत त्या पाटल्या विसरलेल्या असायच्या. दुसरी गोष्ट तिन्हीसांजेची. दिवेलागण झाली की त्या अस्वस्थ व्हायच्या, "घरी जायचंय, आई वाट बघत असेल" म्हणत पायरी उतरू लागायच्या. पूर्वी मी सांगायचे की हेच तुमचं घर, आणि आई जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांना ते दर संध्याकाळी नव्याने कळायचं आणि दर संध्याकाळी त्या नव्याने रडायच्या. आपण काय करत होतो हे समजल्यावर मला स्वतःची लाज वाटली. मग मी साडेपाचलाच त्यांच्या पुढ्यात सूप आणि कुळीथ ठेवायला लागले. जन्मभर केलेलं काम, बोटं आपोआप चालायची. खडे एका बाजूला, कुळीथ एका बाजूला, आणि निवडता निवडता त्या माहेरच्या आंब्यांबद्दल बोलायच्या. रात्री त्या झोपल्या की मी सगळं परत मिसळून ठेवत असे, उद्यासाठी. ते करताना मन खात असे, पण त्यांची संध्याकाळ शांत जायची.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड होती. त्या समुपदेशक बाईंनी दिरांना फोन लावून सांगितलं, "तुम्ही आठ दिवस येऊन राहा, आणि त्या आठ दिवसांत वहिनी घरात नसतील." मी मुलीला घेऊन माहेरी गेले. चौथ्या रात्री दोन वाजता दिरांचा फोन आला. ते काही बोललेच नाहीत, नुसते श्वास ऐकू येत होते, मग म्हणाले, "वहिनी, झोपा तुम्ही." त्यानंतर दर दोन महिन्यांनी ते आठ दिवस येत राहिले, आई जाईपर्यंत. मला परत कधी एका शब्दानेही दोष दिला नाही.

देशात साठीच्या पुढच्या दर 100 माणसांत 7 जणांहून थोड्या जास्त जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 मध्ये एका देशव्यापी अभ्यासातून आला. त्यांतल्या बहुतेक घरांत एक तरी अशी सून, लेक नाहीतर बायको असणार जिला सगळे मायेचा हिशेब मागताहेत.

तुमचा विषय म्हातारपणाचा नसेल, नवरा-बायकोचा असेल, तर गोव्यातलीच आणखी दोन कामं जरूर वाचा. संगथ ही संस्था 1996 पासून तिथे मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांच्या लोकांनी केलेले दोन प्रयोग 2017 च्या सुमारास एकदमच प्रसिद्ध झाले. एकात प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर काम झालं. निम्म्यांशी, मानसोपचाराचं पूर्वीचं काही शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत 39 टक्के. आणि या समुपदेशन मिळालेल्या बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली होती. दुसरा प्रयोग दारू पिणाऱ्या पुरुषांवर, 377 जण. तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले पुरुष समुपदेशन मिळालेल्यांत 42 टक्के होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत 18 टक्के, पण बायकोला होणाऱ्या मारहाणीत त्या मोजणीत फरक दिसला नाही. आपल्याकडे सगळे म्हणतात, "दारू सुटली की मारणंही सुटेल." तीन महिन्यांत तरी तसं घडलं नाही. हे मोजलं नसतं तर कोणाला कळलं असतं? आणि त्यांनी ते लपवलं नाही, छापलं, याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

महाराष्ट्रातलं हवं असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1081 जोडप्यांबरोबर झालेलं काम बघा, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेलं. पाळणा लांबवण्याबद्दल गावातल्याच वैद्यकसेवा देणाऱ्यांनी आधी दोनदा एकट्या नवऱ्याशी आणि तिसऱ्यांदा जोडप्याशी बोलायचं, एवढंच. दीड वर्षाने साधनांचा वापर वाढलेला होता आणि बायकोवर होणारी लैंगिक जबरदस्ती कमी झालेली होती.

तुम्ही स्वतः करणार आहात म्हणून शिक्षिकेच्या अधिकाराने दोन गोष्टी. ज्याच्यावर घराचा भार आहे त्याला मोजा. आजारी माणसाला सगळेच मोजतात. आणि प्रश्न कुठे विचारता ते आधी ठरवा. पडवीत सासऱ्यांसमोर बसून सुनेला विचारलंत तर "सगळं बरं आहे" हेच उत्तर शंभर घरांत मिळेल आणि तुमचा तक्ता सुंदर दिसेल. परसात, विहिरीवर, शेतात जाताना, ती एकटी असताना विचारा, आणि बोलायचं नसेल तर नाही म्हणायची मुभा तिला खरोखर द्या. काम झालं की निष्कर्ष त्या घरांत परत घेऊन जा, मराठीत, दोन पानांत. आमच्याकडे ते 2001 चं वाक्य पंधरा वर्षं उशिरा पोचलं. मधली तीन वर्षं मला वाचवता आली असती.

विषय नक्की झाला की प्रश्नावलीचा मराठी मसुदा इथेच टाका. कुठला प्रश्न आमच्याकडच्या बाईला कळणार नाही आणि कुठला तिला घरात विचारता येणार नाही, ते मी वाचून कळवीन.