सहा फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कमी खर्चात कोणती फिल्टर यंत्रणा घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की टाकी ६ × २ × २ फुटांची आहे आणि अजून रिकामी आहे, तुम्हाला प्रवाळ नको असून फक्त मासे ठेवायचे आहेत, आणि दुकानदाराने दोन मोठे कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातली गाळणी) व एक यूव्ही दिवा सुचवला आहे. माझे मत विचाराल तर या यादीतले तूर्त काहीच घेऊ नका. तो पैसा संप (मुख्य टाकीखाली ठेवायची छोटी टाकी, जिच्यात गाळण्याची साधने बसतात), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारे साधन) आणि रिटर्न पंप (संपमधले पाणी पुन्हा वर चढवणारा पंप) यांच्याकडे वळवा, आणि त्यातही हात सैल सोडायचा असेल तर तो स्किमरवर सोडा. दुकानदाराला मी दोष देत नाही, कारण गोड्या पाण्याची टाकी असती तर मीही कॅनिस्टरच सांगितला असता.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. कॅनिस्टर घाण अडकवतो खरा, पण आपण तो उघडून धुवेपर्यंत ती घाण टाकीच्याच पाण्यात कुजत राहते आणि नायट्रेट वाढत जाते. दुसरी अडचण विजेची आहे. वीज काही तास गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो, आतले जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुबट पाणी टाकीत ढकलले जाते. ज्या गावात उन्हाळ्यात भारनियमन ठरलेले आहे आणि वळवाच्या पहिल्या सरीला फीडर बंद पडतो, तिथे हा धोका किरकोळ मानता येत नाही.

स्किमर वेगळ्या तत्त्वावर चालतो. पंपाच्या काटेरी चाकावर हवा आणि पाणी घुसळून अत्यंत बारीक बुडबुडे तयार केले जातात, पाण्यात विरघळलेली प्रथिने त्या बुडबुड्यांना चिकटतात, आणि वरणाची डाळ शिजताना आलेला फेस काढून टाकावा तसा तो चहाच्या रंगाचा फेस वरच्या कपात जमा होतो. म्हणजे घाण कुजून अमोनिया होण्याआधीच तिचा बराचसा भाग पाण्याबाहेर जातो, शिवाय पाण्यात हवाही मिसळते. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून हे साधन खाऱ्या पाण्यापुरतेच उपयोगाचे आहे. खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ‘७०० लिटरपर्यंत’ असे लिहिलेले असते ते मोजक्या माशांच्या टाकीसाठी, आणि तुमची टाकी भरून मासे ठेवण्याची असल्याने किमान हजार ते बाराशे लिटरचा स्किमर पाहावा.

संपवर मात्र फार पैसे घालवण्याची गरज नाही. ३ × १.५ × १.५ फुटांची साध्या काचेची टाकी कोणताही काचवाला करून देतो. रुंदीच्या दिशेने उभ्या काचा लावून तिचे तीन कप्पे करून घ्या, आणि स्किमरच्या कप्प्यातली पातळी स्थिर राहील इतके पाहा. मग एक छोटा हिशेब करा, जो बहुतेक जण पहिल्यांदा जमिनीवर पाणी आल्यावर करतात. वरच्या टाकीचे क्षेत्रफळ १२ चौरस फूट आहे, म्हणजे तिच्यातले १ इंच पाणी सुमारे २८ लिटर भरते. वीज गेल्यावर रिटर्न पाइपातून उलटा सायफन सुरू होतो, म्हणजे वरच्या टाकीतले पाणी त्याच पाइपातून आपोआप संपमध्ये उतरू लागते, आणि पाइपाचे तोंड पाण्याखाली ३ इंच असेल तर ८५ लिटर पाणी खाली येते. तुमच्या संपमध्ये १ इंचाला साडेदहा लिटर मावतात, म्हणून पातळी ८ इंचांनी चढेल. पाणी एरवी ९ इंचांवर ठेवले तर १८ इंचांच्या संपमध्ये ते जेमतेम मावते. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटे भोक पाडले की सायफन लवकर तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका, कारण त्यात चुन्याचे थर बसतात आणि ऐन वेळी तो बंद होत नाही.

पाणी खाली आणण्यासाठी टाकीच्या काचेला दोन भोके पाडून घ्या, एक व्हॉल्व्ह लावलेल्या मुख्य पाइपासाठी आणि दुसरे व्हॉल्व्हशिवायच्या राखीव पाइपासाठी. टाकी रिकामी आहे तोवरच हे काम सोपे आहे. काच टफन्ड असेल तर भोक पाडताना तिचा चुरा होतो, म्हणून टाकी करणाऱ्याला आधी विचारा. काठावर टांगायचे ओव्हरफ्लो बॉक्स स्वस्त पडतात, पण सायफन तुटला की पंप वरच पाणी चढवत राहतो, म्हणून मी ते कुणालाच सुचवत नाही.

रिटर्न पंप निवडताना संपमधून ताशी टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरले तरी पुष्कळ झाले. तुमच्या टाकीचे आकारमान सुमारे ६८० लिटर आहे, म्हणजे २,००० ते ३,४०० लिटर पुरतात. हे पाणी दीड मीटर वर चढल्यावरचे हवे. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, त्यामुळे कोणत्या उंचीला किती पाणी मिळते हे दाखवणारा कंपनीचा आलेख पाहिल्याशिवाय पंप घेऊ नका. टाकीच्या आतला जोराचा प्रवाह वेव्हमेकरवर (टाकीच्या आत बसवून पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपावर) सोपवा, कारण कमी वॅटमध्ये तो जास्त पाणी हलवतो. ६० वॅटचा एसी पंप आणि ३० वॅटचा डीसी पंप यांच्यात महिन्याला सुमारे २२ युनिटांचा फरक पडतो. डीसी पंप महाग असला तरी यंत्र दिवसरात्र चालणार असल्याने जास्तीची किंमत वीजबिलातून हळूहळू वसूल होते.

जिवाणूंच्या घरासाठी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून तोडून आणलेले प्रवाळखडक घेऊ नका. खडक तयार करणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सच्छिद्र सिरॅमिक ठोकळे आणि कृत्रिम कोरडे खडक तेच काम करतात, फक्त जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासे सोडता येत नाहीत.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. २०० मायक्रॉनची कापडी पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुतली तर यांत्रिक गाळणी तेवढीच पुरते. संपच्या एका कप्प्यात केटोमॉर्फा शेवाळ आणि साधा एलईडी दिवा ठेवला तर नायट्रेट खाली राहायला मदत होते. खारे पाणी बनवायला घरच्या आरओचे पाणी वापरणार असाल तर त्यातले मिनरल कार्ट्रिज वगळून पाणी घ्या. इन्व्हर्टरवर सगळे न लावता एक वेव्हमेकर तेवढा लावा, तो कित्येक तास चालतो आणि मासे गुदमरत नाहीत. यूव्हीचा उपयोग पाण्यात तरंगणारे परजीवी आणि शेवाळ मारण्यासाठी आहे, घाण काढण्यासाठी नाही, म्हणून तो नंतर घेतला तरी चालेल.

पैसे खरोखरच कमी पडत असतील तर स्किमर जुना घ्यायला हरकत नाही, कारण त्यात झिजण्यासारखे फारसे नसते. अॅक्रिलिकच्या नळीच्या सांध्यांना चीर गेली आहे का ते उजेडात धरून पाहा, पंप उघडून चाकाचे काटे शाबूत आहेत का आणि सिरॅमिकचा दांडा तुटलेला नाही ना हे तपासा. घरी आणल्यावर रात्रभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. पहिले काही दिवस फेस नीट आला नाही तरी पंपाला दोष देण्याआधी त्याला थोडा वेळ द्या.