हरकत लिहिण्याआधी गट नंबर तपासा

शहरांच्या विकास आराखड्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ला धरून आहेत. बोलीभाषेत याच कायद्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आहे. आमच्या बारा गुंठ्यांवर बगिचाचं आरक्षण दिसतंय. हरकत कशी घ्यायची? वकील लागेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

वकील लागत नाही, कागद लागतात. आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवल्याची नोंद, खरंच तुमच्या जमिनीवर आहे का, हे आधी पाहा. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा लहान कागदावरची झेरॉक्स यावर विसंबू नका. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे पाच मीटर. झेरॉक्स काढताना कागद जरा सरकला तरी आरक्षण शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जातं. नगररचना विभागात अर्ज करून आपल्या गट नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा) घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशा आणा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. गटाचे हिस्से पडले असतील तर आपला हिस्सा नंबर नीट पाहा. चुकीच्या हिस्स्यावर घेतलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत निकालात निघते.

अर्जात चार गोष्टी हव्यात : गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्र, आराखड्यातला आरक्षण क्रमांक, हरकतीचं कारण आणि तुमची नेमकी मागणी. सोबत चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, आणि आधी मिळालेली बांधकाम परवानगी वा मंजूर रेखांकन असेल तर त्याची प्रत जोडा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. मुदत किती दिवसांची ते प्रसिद्ध झालेल्या सूचनेतच छापलेलं असतं. ती राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजली जाते, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे.

कारण मात्र नीट निवडा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याला वजन उरत नाही. वजन कशाला असतं? त्या जागेवर मंजूर नकाशाप्रमाणे घर उभं आहे. आरक्षणाला पोहोचरस्ताच नाही. दोनशे मीटरवर नगरपरिषदेची मोकळी जागा असताना खासगी जमीन घेतली आहे. सलग आरक्षणाचा सगळा भार एकाच मालकावर पडला आहे. पर्यायी जागा सुचवायची तर सरकारी किंवा नगरपरिषदेची सुचवा. शेजाऱ्याचा गट नंबर लिहून दिलात तर पुढची वीस वर्षं त्याच बांधावर काढायची आहेत, हे विसरू नका. एकाच मजकुराच्या शंभर सह्यांच्या प्रती देण्याचीही पद्धत आहे. त्याने गर्दी दिसते, पण सुनावणीत तो एकच मुद्दा धरला जातो.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. समितीत नगरपरिषदेच्या बाजूचे तीन आणि विषयाची जाण असलेले जास्तीत जास्त चार बाहेरचे सदस्य असतात. बोलायला फार वेळ मिळत नाही. नकाशावर बोट ठेवून एक मुद्दा सांगा आणि बाकीचं लेखी द्या.

प्रश्न : हरकतींचा एवढा गोंधळ होतो, तर लोकांना आधीच का विचारत नाहीत?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

विचारतात, पण तेव्हा फारसं कुणी जात नाही. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो (कलम २३), तेव्हाच सूचना मागवल्या जातात. त्यानंतर विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय आहे याची नोंद. पुढचं सगळं या नकाशावर उभं राहतं. त्यात शाळा सुटली तर आराखडा तिथे घरं दाखवतो. नाला सुटला तर त्याच्यावर रस्ता येतो. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा अशाच चुकांवरून गाजला. वारसा वास्तू गाळल्या गेल्या, उभ्या इमारतींमधून रस्ते दाखवले गेले. राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

तेव्हा इरादा जाहीर होताच आपल्या प्रभागातले ओढे, विहिरी, स्मशानभूमी, आठवडे बाजार, जुन्या पायवाटा यांची गट नंबरसह यादी करून नगररचना अधिकाऱ्यांना द्या. पाहणीला येणारी माणसं बहुधा बाहेरगावची असतात. पावसाळ्यातच वाहणारा ओढा त्यांना एप्रिलमध्ये रिकामा प्लॉट वाटतो.

प्रश्न : वीस वर्षांनंतरची लोकसंख्या कशी काढतात? आमच्या गावाचा आकडा फुगवलेला वाटतो.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

मागच्या जनगणनांवरून. समजा, गाव २००१ मध्ये ८०,००० होतं आणि २०११ मध्ये १,००,००० झालं. दर दहा वर्षांना २०,००० वाढ धरली तर २०४१ मध्ये १,६०,००० लोक होतात. हाच हिशेब दशकाला २५ टक्के वाढीने केला तर १,९५,३१२ होतात. आकडेवारी तीच, फरक ३५ हजारांचा. केंद्राच्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणशी १० चौरस मीटर मोकळी जागा धरली तर या फरकापोटीच सुमारे ३५ हेक्टर जादा आरक्षण पडतं. म्हणून अहवालात नुसता शेवटचा आकडा पाहू नका, तो कोणत्या पद्धतीने काढला ते पाहा. दोन पद्धतींची सरासरी घेतली असेल तर कारण विचारा.

आणखी एक अडचण आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून २०११ चाच पाया वापरला जातो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एमआयडीसी आली असेल किंवा हद्दवाढ झाली असेल तर जुना वाढीचा दर लागू पडत नाही. आकडा फुगवलेला असतो तसा कमीही धरलेला असू शकतो, आणि तो जास्त त्रासाचा. पाण्याची टाकी छोटी पडते, शाळेला जागा उरत नाही.

प्रश्न : आमच्या जमिनीवर पंधरा वर्षं आरक्षण आहे. नगरपरिषद घेतही नाही, सोडतही नाही.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

घेत नाही, कारण पैसे नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. बारा गुंठे म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर. चौरस मीटरला पाच हजारांचा दर धरला तरी दिलासा रकमेसह सव्वा कोटीच्या आसपास जातं, आणि अशी आरक्षणं डझनांनी असतात. म्हणून रोख रकमेऐवजी टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, पुढे केला जातो. दाट वस्तीच्या बाहेर तो दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट मिळतो. कागदावर बरा दिसतो, पण छोट्या गावात घेणारे बिल्डर मोजकेच. शिवाय नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर तो वापरता येत नाही. भाव विचारल्याशिवाय सही करू नका.

दुसरा मार्ग कलम १२७ चा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षं झाली की मालकी हक्काच्या कागदांसह नोटीस द्यायची. नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची कायदेशीर सुरुवात झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुमच्या जमिनीलाही चालतो. नुसता प्रस्ताव पाठवणं म्हणजे सुरुवात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे.

नोटिसा फसतात त्या तारखेवरून. आराखड्याचा काही भाग वगळून नंतर मंजूर झालेला असतो. तुमची जमीन त्या भागात असेल तर दहा वर्षं त्या नंतरच्या तारखेपासून मोजा. आरक्षण बस स्थानकाचं किंवा पोलीस ठाण्याचं असेल तर नोटीस त्या खात्यालाही द्या. आणि सुधारित आराखड्याचं काम सुरू झालं असेल तर वेळ घालवू नका. नव्या आराखड्यात आरक्षण कायम राहिलं आणि तोवर नोटीस गेलेली नसेल, तर दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

प्रश्न : आराखडा वीस वर्षांसाठी असतो ना? मग अधूनमधून बदल कसे होतात?
— एक वाचक, पुणे

कलम ३७ ने. त्यासाठी जाहीर सूचना आणि हरकती लागतात आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची असते. आराखड्याचं मूळ स्वरूप त्यातून बदलता येत नाही. नगरसेवकांनी सभेत ठराव केला म्हणून आरक्षण उठत नाही.

वीस वर्षांबद्दल म्हणाल, तर तुमच्याच शहराचं उदाहरण घ्या. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा सुधारायला घेतला तो २००७ ते २०२७ या काळासाठी. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झालं, २०१५ मध्ये राज्य सरकारने काम आपल्या हाती घेतलं आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीसपैकी दहा वर्षं मंजुरीतच गेली होती.

प्रश्न : नदीकाठचा प्लॉट घेतो आहे. झोन दाखल्यावर ‘रहिवास’ आहे. पुरेसं आहे का?
— एक वाचक, सांगली

नाही. निळी आणि लाल पूररेषा वेगळी तपासा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधायची परवानगी मिळणार नाही असं धरून चाला. दोन रेषांच्या मध्ये अटी लागतात, त्यात जोत्याची उंचीही आली. पूररेषा पाटबंधारे खातं ठरवतं. तिथला दाखला हाती येईपर्यंत विसार देऊ नका.