समान प्रतिस्पर्ध्यांवरून तुलना करताना
खासबागेत कुस्त्या पाहत वाढलेल्या आपल्या कोल्हापूरकरांना ‘याने त्याला पाडले, म्हणजे हा मोठा’ हा हिशेब सहज पटतो. हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना शिकताना मात्र तो आधी बाजूला ठेवावा. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनीही मुहम्मद अलीला गुणांवर हरवले होते, आणि त्याच दोघांना जॉर्ज फोरमनने १९७३ व १९७४ मध्ये दुसऱ्याच फेरीत संपवले. तरीही ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. म्हणून लढतीचे वर्ष, वय आणि मुख्यतः शैली तपासा: झेपावत पुढे येणारा फ्रेझर फोरमनच्या ठोशांच्या टप्प्यात आपणहून सापडत असे, तर अलीने रिंगणाच्या दोरांना टेकून फोरमनला दमवले. १९८० मध्ये लॅरी होम्सने हरवलेला अली ३८ वर्षांचा होता. त्या विजयाला मी फारसे वजन देत नाही.