गिरणीची कथा आणि जूनचा महिना

प्रिय मुली,

तुझी गिरणीची कथा दोनदा वाचली. एकदा तुझी बाई म्हणून, एकदा हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिलीचं शेवटी सांगते. आधी तुझा प्रश्न, कारण तो तू जरा रडवेल्या सुरात विचारला आहेस : अकरा दिवाळी अंकांना पाठवली, एकाचंही उत्तर नाही, म्हणजे कथा वाईट आहे का?

पाठवलीस कधी ते बघ. गणपतीत. अगं, गणपतीत पेरून दिवाळीत पीक कसं येईल? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला हा हंगाम लागला, आणि हंगामाला तारखा असतात. दिवाळी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, बऱ्याच संपादकांची ती मे-जूनलाच सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर ठरत येतो. त्यानंतर मांडणी, चित्रं, आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी, जाहिराती. एका अंकासाठी मी गेली काही वर्षं आलेल्या कथा वाचून देते, म्हणून आतलं सांगते. निवडलेली, पानांत लागलेली कथासुद्धा शेवटच्या आठवड्यात बाहेर पडते, कारण तीन पानांच्या जाहिराती उशिरा आल्या आणि फर्म्याचा, म्हणजे एका तावावर एकत्र छापायच्या पानांचा, हिशोब चुकायला लागला. अशा वेळी पहिली कोणाची कथा जाते? नव्या माणसाची. त्यात तिच्या गुणदोषाचा संबंध नसतो.

दुसरं, हे अकरा अंक तू निवडलेस कसे? मला वाटतं, कुठून तरी ईमेलची यादी मिळाली आणि सगळ्यांना एकदम धाडून दिलीस. त्यातल्या एका अंकात गेल्या कित्येक वर्षांत कथाच नाही, निव्वळ राशिभविष्य आणि आरोग्य. तुमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असेलच. वर्गणी भर आणि अंक घरी आण. कथा किती आहेत, किती लांबीच्या आहेत, लिहिणाऱ्यांत एखादं तरी अनोळखी नाव आहे का, एवढं वहीत टिपून ठेव. अनोळखी नाव दिसलं की समज, तिथला संपादक टपाल उघडतो. 'साधना' साप्ताहिक बालकुमार आणि युवा असे वेगळे दिवाळी अंक काढतं, तिथे तुझ्या गिरणीला जागा कुठे, हे अंक वाचल्याशिवाय कळणार नाही. आणि दिवाळी सोडून वर्षाचे उरलेले महिने आहेतच की. वाङ्मयीन नियतकालिकं घे : 'अनुष्टुभ' आहे, मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान', विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' आहे. मागचे अंक मिळवून चाळ.

फाइलचं थोडक्यात. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठव. मोबाइलने काढलेले वहीचे फोटो नकोत, पीडीएफ एकटी नको. डीटीपीवाले तो मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये नेतात, तेव्हा रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात, म्हणून 'प्रूफ बघायला मिळालं तर बरं होईल' असं नम्रपणे आधीच लिहावं. कथेच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या. तुझी कथा पाच हजार शब्दांवर गेली आहे. नव्या लेखिकेला एवढी पानं देताना संपादकाचा हात आखडतो, तीन हजारांच्या आसपास आण. ईमेलमध्ये चार ओळी पुरेत. 'ही कथा वाचून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल' हे वाक्य काढून टाक, मला ते वाचून हसू आलं.

उत्तर न येण्याचं म्हणशील तर तोच आता रिवाज झाला आहे. आमच्या वेळी फुलस्केपवर एका बाजूला, समास सोडून लिहायचं आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. आपल्याच अक्षरातलं पाकीट दारात पडलं की न फोडता कळायचं : साभार परत. वाईट वाटायचं, पण कथा मोकळी व्हायची. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन तर लेखकाला पत्रं लिहून, पुन्हा लिहायला लावून कथा घडवत. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं. आज एवढी सवड क्वचितच कोणाला असते. म्हणून पाठवताना तूच लिही, 'दोन महिन्यांत कळलं नाही तर इतरत्र पाठवेन.' मुदत संपली की एक ओळ कळवायची आणि पुढे जायचं.

पण एका वेळी एकाच ठिकाणी. मी तरुणपणी वाट बघून कंटाळले आणि एकच कथा दोन अंकांना दिली. दोघांनीही छापली, त्याच दिवाळीत. मोठ्या अंकाच्या संपादकांचं दोन ओळींचं कार्ड आलं. पुढची सहा वर्षं तिथे माझं काही छापून आलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आता पैशांचं. 'प्रातिनिधिक कथासंग्रहात तुमची निवड झाली आहे, सहभाग शुल्क भरा, सन्मानचिन्ह घरपोच' असा निरोप तुला आलाच असेल. तिथे निवड पैशांची होते. एक रुपया देऊ नकोस. उलट मानधनाबद्दल विचारायला लाजू नकोस. छोटे अंक देऊ शकत नाहीत, ते तसं सांगतात, मग द्यायची की नाही ते तू ठरव. स्पर्धांचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाच. 'कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' ही ओळ तिथेच दडलेली असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथेची पहिली मालक लिहिणारीच असते आणि हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. तेव्हा सही करण्याआधी मला दाखव.

पुस्तकाचा विषय तूर्त बंद. दहा-बारा कथा छापून आल्या की बोलू. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान योजना आहे, तेव्हा दोनशे प्रती स्वतः विकत घ्यायच्या अटीवर पुस्तक काढून देणाऱ्यांकडे जायची घाई नको.

हं, पेन्सिल. पहिली दीड पानं मी आडवी रेघ मारून काढली आहेत. पाऊस, गाव, वडिलांचा स्वभाव, सगळं छान लिहिलं आहेस, पण तोवर कथा उंबऱ्याबाहेर उभी आहे. 'अण्णांनी गिरणीचा पट्टा उतरवला आणि खुंटीला टांगला' इथून सुरू कर. स्वभाव त्यातच आला. शेवटी मुलगी शहरातून परत येते आणि पिठाची पिशवी बघून रडते, ते मला पटलं नाही. तुझ्या आत्याने बंद गिरणीतही रोज झाडू मारणं चालू ठेवलं, हे तू मला फोनवर सांगितलंस. कथेत ते का नाही? आणि संवाद सगळे पुस्तकी झालेत. अण्णा घरी जसे बोलतात तसं लिही. संपादकाला तुमच्याकडचा एखादा शब्द अडला तर विचारेल तो.

दिवाळी झाली की ये. नवा खर्डा छापूनच आण, ओळींत भरपूर जागा सोडून. मला स्क्रीनवर आता वाचवत नाही. जूनला पुष्कळ अवकाश आहे.

तुझी,
बाई