भावाची छाती उघडायची की मांडीतून व्हॉल्व्ह बदलायचा?

तुमच्या भावाचं वय ४२, महाधमनीचा व्हॉल्व्ह जन्मापासून दोन पाकळ्यांचा, आता अरुंद झालेला. शेजारच्या आजोबांचा व्हॉल्व्ह मांडीतून बदलला आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले, मग भावालाच ओपन हार्ट का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण हेच दुखणं घेऊन ४४ व्या वर्षी मी टेबलावर गेलो, आणि सर्जनना मीही हेच विचारलं होतं.

ते म्हणाले, "तुम्हाला ऐंशीपर्यंत जगायचंय ना? मग दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉल्व्हचाही आत्ताच विचार करू."

मांडीतल्या धमनीतून नळीने व्हॉल्व्ह बसवतात त्याला टावी म्हणतात. टावीचा व्हॉल्व्ह गायीच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून बनवतात. असे व्हॉल्व्ह साधारण दहा-पंधरा वर्षं चालतात, तरुण शरीरात आणखी लवकर खराब होतात. आजोबांना तेवढा पुरतो. भावाला मात्र पन्नाशीच्या पुढेमागे पुन्हा तयारी करावी लागेल. जुन्यात नवा बसवता येतो, पण दर वेळी वाट अरुंद होते, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांची तोंडं झाकली जायची भीती असते, आणि टावीचा व्हॉल्व्ह कापून काढणं तर फारच जोखमीचं. त्यात दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हमध्ये तो नीट गोल बसेलच असं नाही, कडेने गळती राहू शकते. टावी आणि ओपन हार्टची तुलना करणाऱ्या २०१९ च्या ज्या पार्टनर-३ चाचणीमुळे टावीचा बोलबाला झाला, तिच्यात रुग्णांचं सरासरी वय ७३ होतं आणि दोन पाकळ्यांचे रुग्ण घेतलेच नव्हते. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही पासष्टीच्या आत शस्त्रक्रियाच सुचवतात.

ऑपरेशन सोपं नाही, हे मान्य. दोन महिने मी उताणाच झोपलो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून धरायचो, तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी सहसा जन्मभर टिकणारा मेटलचा व्हॉल्व्ह निवडला, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी जन्माची. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, तरी ती बंद नाही, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवतो. रात्री सगळं शांत झालं की बायकोलाही व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. पुढे मूल हवं असलेल्या मुलीने मात्र मेटलचा घेण्याआधी नीट बोलून घ्यावं, ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते.

आणि भावाच्या सीटी स्कॅनमध्ये महाधमनी किती रुंद आहे ते आवर्जून विचारा. दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हसोबत ती पुष्कळदा फुगलेली असते. माझी ४.७ सेंटिमीटर निघाली. त्याच ऑपरेशनात तो भागही बदलला, टावीने ते काम झालंच नसतं.