पडदा वर, चित्र खाली

फोंड्याच्या जुन्या घरात राहायला आलीस, तर आधी भिंत ठोकून बघ. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर नुसता खिळा टिकत नाही. ड्रिलने भोक पाडून स्क्रू धरणारा लांब प्लास्टिकचा प्लग घाल (घरमालकाला विचारून, अर्थात). पडद्याचा रॉड चौकटीच्या ४ ते ६ इंच वर, दोन्ही बाजूंना निदान ६ इंच जास्त. मग पडदा सारला की खिडकी पूर्ण मोकळी, वारा आत. खाली अर्धा इंच जागा सोड. पावसाळ्यात ओल्या लादीला टेकला की बुरशी धरलीच. सुती कापड शिवण्याआधी धुऊन घे, आटतं.

चित्रं बहुतेक जण फारच उंच टांगतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर हवा. सोफ्यावर लावायचं तर पाठीपासून ६ ते ८ इंच. पावसाचा मार खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर कागदी चित्र नकोच. तिथे अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीची चित्र काढलेली चकचकीत टाइल लाव.